माना डोलावतात, पण सवय बदलत नाही: रोगप्रतिबंधाचं काम कुठून सुरू करावं?

प्रश्न असा आहे: ‘सहा महिन्यांपूर्वी मी आरोग्यशिक्षणाच्या कामाला लागले. हात धुणं, लसी, तंबाखू, रक्तदाब अशा विषयांवर सत्रं घेते. लोक शांतपणे ऐकतात, माना डोलावतात, विचारलं तर बरोबर उत्तरंही देतात. पुढच्या भेटीत मात्र सगळं जसंच्या तसं असतं. रोगप्रतिबंधाची मूळ तत्त्वं नेमकी कोणती, आणि लोकांच्या सवयी बदलायच्या तर सुरुवात कुठून करायची?’

तुमच्या प्रश्नातली एकच गोष्ट आधी उचलते. विचारलं तर लोक बरोबर उत्तरं देतात, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे शिकवण्याचं काम झालेलं आहे, घोडं अडलंय ते त्याच्या पुढे. मी या कामात सत्तावीस वर्षं आहे आणि पहिली पाच-सहा वर्षं मीही तिथेच अडले होते. एखादं सत्र वाया गेलं की मी आणखी मोठी चित्रं करायचे, आणखी सोप्या भाषेत बोलायचे. अडचण समजण्यात आहे, हे मी धरूनच चालले होते. ती तिथे नव्हती.

आधी तत्त्वं, थोडक्यात. पुस्तकात प्रतिबंधाच्या पायऱ्या सांगितलेल्या असतात. पक्षाघाताचं उदाहरण घ्या, त्याचं एक मोठं कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. माणसाचा रक्तदाब वाढूच नये म्हणून मीठ कमी, हालचाल भरपूर, तंबाखू नाही, हा प्राथमिक प्रतिबंध. रक्तदाब वाढलाय पण त्रास काहीच नाही, अशा वेळी तो मोजून शोधणं आणि औषध सुरू करणं, हा द्वितीयक. झटका येऊन गेल्यावर दुसरा येऊ नये आणि गेलेली ताकद जमेल तेवढी परत यावी म्हणून केलेली धडपड, हा तृतीयक. या सगळ्यांच्याही आधीची एक पायरी आहे: बाजारात येणाऱ्या तयार अन्नातच मीठ कमी असणं, चालायला सुरक्षित रस्ते असणं. तिथे माणसाला वेगळं काही ठरवावंच लागत नाही. परीक्षेसाठी या व्याख्या पाठ करतात, पण कामात त्यांचा उपयोग एवढाच की समोरच्या माणसाशी बोलताना आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत, याचं भान राहतं. गोळी चालू असलेल्या माणसाला ‘रक्तदाब होऊ नये म्हणून काय करावं’ हे व्याख्यान ऐकवलेलं मी कितीदा पाहिलंय. तो बिचारा ऐकून घेतो.

संसर्गजन्य आजारांत विचार साखळीचा असतो. जंतू कुठे राहतो, कुठून बाहेर पडतो, कशावर बसून प्रवास करतो, कुठून आत शिरतो आणि कोणाला गाठतो. सगळी साखळी तोडायची गरज नसते, एक कडी पुरते. कुठली कडी सगळ्यात स्वस्तात आणि सगळ्यात खात्रीने तुटेल, ते ओळखणं हे आपलं कौशल्य. जुलाबाचे जंतू विष्ठेतून निघतात आणि बोटं, माश्या, पाणी, अन्न, माती यांच्यामार्फत दुसऱ्याच्या तोंडात जातात. शौचालय, शुद्ध पाणी, झाकलेलं अन्न आणि धुतलेले हात, प्रत्येक गोष्ट यातली एकेक वाट बंद करते.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलराची, साथ आली. जॉन स्नो या डॉक्टरांनी मृत्यू कुठे कुठे झाले ते घराघरांतून शोधलं, ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवलं आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. ही गोष्ट सगळे सांगतात. दोन बारकावे मात्र निसटतात. एक म्हणजे साथ तोवर ओसरायला लागलीच होती, कारण बरेच लोक तो भाग सोडून गेले होते. स्नो यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. दुसरा बारकावा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दांडा काढल्यावर त्या गल्लीतल्या कोणालाही पटकीबद्दल काही शिकावं लागलं नाही. जंतू कोणाला ठाऊक नव्हता, रॉबर्ट कॉख यांनी तो ठामपणे दाखवला तो आणखी तीस वर्षांनी. तरीही पाणी मिळायचं ठिकाण बदललं आणि लोकांची कृती बदलली.

आता हात धुण्याकडे येते, कारण तुमचं सत्र बहुधा त्याच्यावरच सर्वांत जास्त असणार.

एका केंद्रावर मी काम करत असताना तिथल्या मुलांना हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या तोंडपाठ होत्या. साबण होता, पाणी होतं. एके दिवशी मी शौचालयाच्या बाहेर एका बाकावर दोन तास नुसती बसले आणि मोजलं. बाहेर येणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे थेट अंगणाकडे पळत होते. नळ इमारतीच्या दुसऱ्या बाजूला होता आणि साबण चोरीला जाऊ नये म्हणून कपाटात ठेवलेला होता. किल्ली एका ताईंकडे. सात वर्षांच्या मुलाने खेळ सोडून, इमारतीला वळसा घालून, किल्ली मागून हात धुवावेत, अशी आमची अपेक्षा होती. आम्ही शौचालयाच्या दाराशीच तोटीचा पिंप ठेवला, साबण जाळीच्या पिशवीत घालून दोरीने तोटीला बांधला. जमिनीवर दारापासून पिंपापर्यंत रंगाने पावलं काढली. नवीन माहिती एका अक्षराचीही दिली नाही. आठवड्याने पुन्हा तिथेच बसले. या वेळी न धुता जाणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतल्या दोघांना बाकीची मुलं ओरडून परत बोलावत होती.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. कोणतीही सवय ‘शिकवायला’ जाण्याआधी ती जिथे घडायला हवी तिथे जाऊन बसायचं. बघायचं, मोजायचं, वेळ लागतो किती, वस्तू हाताशी आहे का, कोण बघतंय, कोणाला लाज वाटतेय.

हात धुण्याचं तंत्रही नीट सांगा, कारण ‘स्वच्छ धुवा’ याचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. साबण सगळे जंतू मारतो असं नाही. तो त्वचेवरचा तेलकट थर सुटा करतो आणि त्या थरासोबत जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. ज्या विषाणूंना चरबीचं आवरण असतं त्यांचं आवरण साबणाने फुटतं. म्हणून चोळणं महत्त्वाचं, निदान वीस सेकंद. अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांमधल्या बेचक्या हमखास राहून जातात. आणि हातावर चोळायचं सॅनिटायझर प्रवासात ठीक, पण हात मळलेले असतील किंवा नोरोव्हायरससारख्या उलट्या-जुलाबांच्या विषाणूची साथ असेल तर साबण-पाण्याला पर्याय नाही. वेळा कोणत्या? शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, बाळाला भरवण्याआधी. बाळाची शी ‘घाण नसते’ असं पुष्कळांना वाटतं. ते चूक आहे, आणि ही एक समजूत तेवढी बोलून दुरुस्त करण्यासारखी आहे.

बरोबर असणं आणि पटणं या दोन गोष्टींत किती अंतर असतं, याचं सगळ्यात दुखरं उदाहरण डॉक्टरांचंच आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांच्या विभागात एप्रिल १८४७ मध्ये सुमारे १८ टक्के बाळंतिणी तापाने गेल्या. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतीला लागत होते. मे महिन्यात त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि उन्हाळ्यात मृत्यू २ टक्क्यांच्या आसपास उतरले. इतका ढळढळीत पुरावा असूनही अनेक मोठ्या डॉक्टरांनी तो मानला नाही. त्याची कारणं बरीच होती. पण एक हे की तो मानायचा म्हणजे ‘माझ्या हातांनी माझे रुग्ण मेले’ हे कबूल करायचं. सेमेलवाइस पुढे उघड पत्रं लिहून विरोधकांना खुनी म्हणू लागले, त्याने दारं आणखीच बंद झाली. मी नव्या सहकाऱ्यांना हे नेहमी सांगते. ज्याची सवय बदलायची त्याला अपराधी ठरवलंत तर तो सवय बदलत बसणार नाही, स्वतःला सांभाळेल.

लसींच्या बाबतीत याची गाठ रोज पडते. एक आई दुसऱ्या डोसला आलीच नाही. नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘नकार’ असा शेरा होता. मी घरी गेले तेव्हा कळलं, पहिल्या डोसनंतर बाळाला रात्रभर ताप होता, मांडी सुजली होती आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिलाच बोल लावला होता. ताप येऊ शकतो, एक-दोन दिवसांत उतरतो, हे तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तिचा लसीवर राग नव्हता. तिला त्या रात्री एकटं वाटलं होतं. आता मी डोस देण्याआधी सांगते: ताप आला तर असं करा, एवढे दिवस चालेल, अमुक दिसलं तर लगेच या, आणि घरात बोलणारं कोणी असेल तर त्यांना घेऊन या, मी त्यांच्याशी बोलते. त्रासाबद्दल आधी बोललं तर लोक घाबरतील, ही भीती मलाही होती. उलटंच होतं. आधी सांगितलेला ताप अपेक्षित ठरतो आणि न सांगितलेला ताप फसवणूक वाटते.

लस फक्त ज्याने घेतली त्याच्यासाठी नसते, हेही समजावून द्यावं लागतं. गोवर हा माणसाला माहीत असलेल्या सर्वांत वेगाने पसरणाऱ्या आजारांपैकी एक. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक रुग्ण साधारण १२ ते १८ जणांना तो देतो. म्हणून वस्तीत सुमारे ९५ टक्के लोकांना संरक्षण असावं लागतं, तरच वयाने अजून लस न देता येणारी तान्ही बाळं आणि आजारपणामुळे लस घेता न येणारी माणसं सुरक्षित राहतात. शंभरातल्या दहा जणांनी घेतली नाही तर ‘नव्वद टक्के म्हणजे छान’ असं वाटतं, पण गोवराला तेवढी फट पुरते. त्यातून ते दहा जण बहुधा एकाच गल्लीत, एकाच नात्यागोत्यात असतात. सरासरी आकडा ही गल्ली दाखवत नाही.

आणि प्रतिबंधाची एक मोठी अडचण इथे सगळ्यात उघडी पडते. यश दिसतच नाही. देवी हा आजार १९८० साली जगातून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. एडवर्ड जेनर यांनी १७९६ मध्ये पहिली लस टोचली, तिथपासून जवळजवळ दोन शतकं. आज देवीचे व्रण असलेला चेहरा तरुण पिढीने पाहिलेलाच नाही. घटसर्पाने गुदमरलेलं मूल पाहिलेल्या आईला लसीचं महत्त्व सांगावं लागत नसे. आजच्या आईला मात्र आजार दिसत नाही, तिला फक्त सुई आणि ताप दिसतो. तिचा संशय मूर्खपणाचा नाही. तिच्या डोळ्यांपुढे जे आहे त्यावरून काढलेला तो निष्कर्ष आहे. त्याच आदराने तिच्याशी बोलावं लागतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. माहिती असूनही माणसं का वागत नाहीत?

हा प्रश्न १९५०च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या मानसशास्त्रज्ञांनाही पडला होता. क्षयाच्या तपासणीसाठी फुकट एक्स-रे, तेही फिरत्या गाडीतून जवळ आणलेले, तरी लोक येत नव्हते. त्यांनी जे मांडलं ते साध्या शब्दांत असं: हा आजार मला होऊ शकतो असं मला वाटतं का, झाला तर तो गंभीर असेल असं वाटतं का, सांगितलेल्या उपायाने खरंच फायदा होईल का, आणि तो करायला मला काय गमवावं लागेल. पुढे यात आणखी एक प्रश्न मिळवला गेला: हे मला जमेल का? आपली बहुतेक सत्रं पहिल्या दोन प्रश्नांवर खर्च होतात. भयानक फोटो, मृत्यूचे आकडे. माझ्या अनुभवात माणसं अडतात ती शेवटच्या दोन प्रश्नांवर.

भीतीबद्दलचा एक जुना प्रयोग मला फार शिकवून गेला. १९६५ साली येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताबद्दल पत्रकं दिली. काहींना सौम्य, काहींना अंगावर काटा येईल अशी. काही जणांना त्यासोबत दवाखाना कुठे आहे याचा नकाशा दिला आणि ‘आठवड्यात तुम्ही कधी जाल ते बघा’ असं सांगितलं. विद्यार्थ्यांना दवाखाना माहीतच होता, म्हणजे नकाशात नवीन काही नव्हतं. नकाशा न मिळालेल्यांपैकी सुमारे ३ टक्के टोचून घ्यायला गेले, नकाशा आणि वेळेचा विचार मिळालेल्यांपैकी २८ टक्के. भयानक पत्रकाने मतं बदलली, इरादे बदलले, पण प्रत्यक्ष जाणाऱ्यांची संख्या भीती कमी की जास्त यावरून ठरली नाही. ‘कधी, कुठून, कसं’ यावरून ठरली.

म्हणून मी सत्राच्या शेवटी ‘कळलं का?’ हा प्रश्न विचारणं सोडून दिलं. त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, ‘उद्या हे नेमकं कधी कराल? त्या वेळी घरात काय चाललेलं असतं? कशामुळे राहून जाईल?’ शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. माणूस स्वतःच आपली अडचण सांगतो आणि बहुतेक वेळा त्यावरचा उपायही.

रक्तदाबाच्या गोळीचं बघा. ‘बरं वाटतंय म्हणून बंद केली’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. वाढलेल्या रक्तदाबाला लक्षण नसतं, गोळी घेतल्याने काही वेगळं वाटत नाही, सोडल्यानेही लगेच काही होत नाही. शरीर कुठलीच पावती देत नाही, मग माणसाने लक्षात ठेवायचं कशाच्या जोरावर? एक गृहस्थ महिन्यातले निम्मे दिवस गोळी विसरायचे. मी त्यांना महत्त्व पटवत राहिले, दोन वर्षं. मग एकदा विचारलं, ‘सकाळी उठल्यावर असं काय आहे जे तुम्ही कधीच विसरत नाही?’ ते म्हणाले, दात घासणं. गोळ्यांची पट्टी ब्रशच्या पेल्याला रबरबँडने लावली. पुढच्या महिन्यात दोनच गोळ्या उरल्या होत्या. जुन्या सवयीच्या शेपटाला नवी सवय बांधायची, एवढंच यात आहे. (गोळी रिकाम्या पोटी चालते का, हे मात्र आधी बघून घ्यायचं.)

सवय २१ दिवसांत लागते असं सर्रास सांगतात. तसं सांगू नका. लंडनमधल्या एका अभ्यासात रोजची साधी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा होता: मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. हे लोकांना आवर्जून सांगा. बाविसाव्या दिवशीही जमत नाही म्हणून ‘आपल्यात दमच नाही’ असं ठरवून सोडून देणारी पुष्कळ माणसं मला भेटली आहेत.

तंबाखूवर मी जरा जास्त बोलते, कारण एका माणसाच्या आयुष्यात याच्याइतका फरक पाडणारी दुसरी सवय क्वचितच असेल. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा अभ्यास १९५१ मध्ये सुरू केला आणि पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी सुमारे दहा वर्षं आधी गेले. साठाव्या वर्षी सोडली तर त्यातली तीनेक वर्षं परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी दहा. ‘आता या वयात काय सोडायची’ म्हणणाऱ्याला मी हे आकडे सांगते, कारण ही भीतीची भाषा नाही. परत काय मिळेल, त्याचा हा हिशेब आहे.

पण त्याआधी मी एक प्रश्न विचारते: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने लागते? अर्ध्या तासाच्या आत असेल तर शरीर निकोटिनला चांगलंच बांधलं गेलंय, त्याला नुसत्या निश्चयावर सोडणं अन्यायाचं आहे. त्याला निकोटिनचे गम, पट्ट्या किंवा औषध लागणार, आणि त्यासाठी डॉक्टरकडे जायला लाज वाटायचं कारण नाही. सोडल्यावर चिडचिड, झोपमोड, अस्वस्थता पहिल्या दोन-तीन दिवसांत कळसाला पोचते आणि दोन ते चार आठवड्यांत उतरत जाते. तलफेची एकेक लाट काही मिनिटांत ओसरते. ती मिनिटं कशी काढायची ते आधी ठरवलेलं असावं: पाणी, चालायला बाहेर पडणं, कोणाला तरी फोन. बहुतेकांना एकाच प्रयत्नात सुटत नाही. परत सुरू झाली म्हणून तोंड लपवणाऱ्या माणसाला मी विचारते, या वेळी किती दिवस राहिलात आणि कुठल्या क्षणी हात गेला? तो क्षण कळला की पुढच्या वेळची अर्धी तयारी झाली.

आतापर्यंतचं सगळं एकेका माणसाबद्दल झालं. सार्वजनिक आरोग्याला मात्र एक वेगळीच नजर लागते, ती मला जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांच्या मांडणीतून मिळाली. १९८५ च्या त्यांच्या लेखातला विचार असा, की थोड्या लोकांना असलेल्या मोठ्या धोक्यापेक्षा खूप लोकांना असलेल्या छोट्या धोक्यातून जास्त रुग्ण तयार होतात. डाऊन सिंड्रोम या जन्मजात स्थितीचं उदाहरण त्यांनीच दिलंय: वय वाढलेल्या मातांना धोका जास्त, पण तरुण माता संख्येने इतक्या जास्त की अशी बरीचशी बाळं त्यांच्याच पोटी येतात. रक्तदाबाचंही तसंच. खूप वाढलेल्या मूठभरांना गोळ्या द्यायलाच हव्यात. पण सगळ्या समाजाचा सरासरी रक्तदाब मीठ कमी करून दोन-तीन अंकांनी जरी उतरला, तरी टळणारे पक्षाघात फार मोठ्या संख्येने असतात. मोठ्या माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक लहान चमचा, आणि त्यात तयार पदार्थांतलं लपलेलं मीठही धरायचं.

या विचाराची कसोटी फिनलंडच्या नॉर्थ करेलिया प्रांतात लागली. तिथले तरुण-मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराने फार मोठ्या प्रमाणात जात होते. १९७२ मध्ये पेक्का पुस्का यांच्या पुढाकाराने काम सुरू झालं. दवाखान्यात रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासणं होतंच, पण त्याबरोबर स्थानिक महिला संघटना, शाळा, वर्तमानपत्रं आणि अन्न तयार करणारे कारखाने यांनाही सोबत घेतलं. लोणी, मीठ आणि सिगारेट यांचा वापर उतरत गेला. पुढच्या चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. एकट्या पत्रकांनी हे झालं नसतं. दुकानात आणि ताटात काय येतंय तेच बदललं.

तपासण्यांबद्दल एक सावधगिरीची गोष्ट, कारण लोक तुम्हाला ‘सगळ्या तपासण्या करून घेऊ का?’ असं विचारणार. ‘लवकर सापडलं तर बरंच’ हे प्रत्येक आजाराला लागू पडत नाही. समजा एका माणसाला कर्करोगाने सत्तराव्या वर्षी मरण येणार आहे. लक्षणं दिसून तो सदुसष्टाव्या वर्षी सापडला तर आपण म्हणतो तीन वर्षं जगला. तपासणीत साठाव्या वर्षी सापडला आणि तरी सत्तराव्यालाच गेला, तर म्हणतो दहा वर्षं जगला. आयुष्य एका दिवसाने वाढलं नाही, आजारी म्हणून जगायची वर्षं तेवढी वाढली. दक्षिण कोरियात गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि १९९३ ते २०११ दरम्यान थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण पंधरापट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी निघाल्या, आयुष्यभराच्या गोळ्या लागल्या. याउलट गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पूर्वस्थितीपासून कर्करोग व्हायला बरीच वर्षं जातात, ती स्थिती साध्या उपचाराने काढून टाकता येते, म्हणून तिथे तपासणी जीव वाचवते. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस तर त्याही आधीची कडी तोडते. तपासणी सुचवण्याआधी एवढंच विचारा: सापडलं तर काही करता येईल का, आणि आत्ता केल्याने नंतर करण्यापेक्षा जास्त फायदा होईल का?

रक्तदाब मोजणं ही या कसोटीला उतरणारी तपासणी, पण घाईत मोजला तर तीही फसवते. माणूस चालत आल्याबरोबर पट्टा बांधू नका. पाच मिनिटं शांत बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक टाकलेले नकोत. लघवी तुंबलेली नको. दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. मोजताना बोलू नका आणि बोलू देऊ नका. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजा. एका वेळच्या आकड्यावरून कोणाला ‘तुम्हाला बीपी आहे’ असं सांगून घरी पाठवू नका.

शेवटी तुमच्या वरिष्ठांबद्दल, कारण ते तुम्हाला सत्रांची संख्या आणि हजेरी मागत असणार. ती द्या. पण स्वतःसाठी एक वेगळी वही ठेवा आणि त्यात न आलेल्यांची नावं लिहा. सत्राला येतात ते बहुधा आधीच काळजी घेणारे असतात. आजार राहतो तो न येणाऱ्यांकडे: पाळी चुकवता न येणारा कामगार, घरात आजारी माणूस असलेली बाई, मागे कधीतरी कोणीतरी चारचौघांत अपमान केला म्हणून पुन्हा न फिरकलेला माणूस. या तिघांची कारणं वेगळी आहेत, आणि त्यांतलं एकही कारण ‘माहिती नाही’ हे नाही.

पुढच्या महिन्यात जमलं तर एकही नवीन सत्र घेऊ नका. विषय एकच निवडा, समजा हात धुणं. शौचालयाजवळ किंवा स्वयंपाकघरात, परवानगी घेऊन, दोन-दोन तास तीनदा बसा. किती जणांनी धुतले, साबण किती पावलांवर होता, पाणी ओतायला दुसऱ्या हाताची गरज पडत होती का, ते लिहा. मग तिथल्याच दोन-तीन बायकांना किंवा मुलांना ते आकडे दाखवा आणि काय हलवायचं ते त्यांनाच ठरवू द्या. ठरलेलं करून झालं की पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी परत मोजा. आकडे काय आले ते मला नक्की कळवा. फरक पडला नसेल तर पिंप, नळ आणि साबण कुठे आहेत याचं एक साधं रेखाचित्रही पाठवा, आपण त्यावर बोलू.